एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मांजर वाघाची मावशी कशी, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. मावशीनं वाघाला दबा धरायला शिकवलं, झडप घालायला शिकवलं, पंजा मारायला शिकवलं. शिकून झाल्यावर वाघानं पहिली झडप घातली ती मावशीवरच. मावशी सरसर झाडावर चढली. वाघ खालून म्हणाला, "हे मला शिकवलं नाहीस!" मावशी वरून म्हणाली, "म्हणूनच जिवंत आहे."

आम्हाला ही गोष्ट मांजरीच्या हुशारीची म्हणून सांगितली गेली. पुढं जवळपास तीस वर्षं कारखान्यात काढल्यावर मला ती वेगळी दिसू लागली. ती भीतीची गोष्ट आहे. आपली जागा घेणाऱ्याला आपणच तयार करायचं, हा प्रसंग नोकरी करणाऱ्यांच्या, खेळाडूंच्या, हातातल्या कलेवर पोट भरणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. त्या वेळी माणूस कसा वागतो आणि तसा का वागतो, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून मी १९७२ साली पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून लागलो. टूलरूममध्ये मला ज्यांच्या हाताखाली दिलं, त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. मूळचे कोकणातले, उमेदीची वर्षं मुंबईत काढलेली. हात असा, की त्यांनी केलेला जॉब मोजायला घेतलेला मायक्रोमीटरच वरमावा. पण एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात कळली. मिलिमीटरच्या मापाचे आटे पाडायचं काम आलं, की मास्तर मला चहा आणायला पाठवत. मी परत येईपर्यंत लेथच्या डाव्या बाजूचं झाकण बंद झालेलं असे. काम संपलं, की परत एकदा चहा. दुसऱ्या चहानंतर चाकं उतरलेली असत आणि त्यांतलं एक मोठं चाक मलमलीच्या फडक्यात गुंडाळून मास्तरांच्या पेटीत गेलेलं असे. पेटीला कुलूप.

त्या चाकाचं मर्म आज सांगायला हरकत नाही. लेथवर आटे पाडताना जॉबचा एक फेरा होईपर्यंत हत्यार नेमकं किती सरकायचं, हे बाजूच्या गिअरच्या चाकांवर ठरतं. आमचा लेथ विलायती, इंचांच्या हिशेबाचा. त्याच्या लीड स्क्रूला इंचामागे चार आटे. देशानं १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक पद्धत स्वीकारली, पुढच्या काही वर्षांत ती सगळीकडे लागू झाली. पण कारखान्यातली यंत्रं कायद्यानं थोडीच बदलतात? ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येऊ लागली आणि लेथ इंचातच राहिले. आता एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला पाचानं गुणलं की १२७. ही संख्या अशी, की तिला दुसऱ्या कशानंही भाग जात नाही. त्यामुळे इंचाच्या लेथवर मिलिमीटरचा आटा अगदी बिनचूक पाडायचा, तर १२७ दात्यांचं चाक हवंच. चालवणारं चाक ४० दात्यांचं आणि चालणारं १२७ दात्यांचं लावलं, की आमच्या लेथवर बरोबर २ मिलिमीटरचा आटा पडे. सगळं गुपित एवढंच. पण ते ज्याच्या पेटीत, त्याच्याशिवाय कारखान्याचं पान हलत नसे.

दोन वर्षांनी मास्तर आजारी पडले. हृदयाचं दुखणं होतं. तिकडे मिलिमीटरच्या आट्यांचं काम अडलं आणि फोरमननं मला दवाखान्यात पाठवलं. मास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, उशीखालची किल्ली काढून दिली आणि एका पाकिटाच्या मागच्या बाजूला सगळा हिशेब लिहून दिला. निघताना मी धीर करून विचारलं, "मास्तर, हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "पोरा, मुंबईला एका वर्कशॉपमध्ये मी सांगितलं होतं. मालकाच्या नात्यातला मुलगा होता. सहा महिन्यांत तो शिकला. सातव्या महिन्यात मी घरी बसलो. तेव्हा माझी तीन पोरं शाळेत होती."

त्या दिवसापर्यंत मी मास्तरांना मनातल्या मनात कंजूष म्हणत होतो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो शब्द मी मागे घेतला. ज्ञान लपवणारा माणूस बहुतेक वेळा कंजूष नसतो, तो भ्यालेला असतो. आणि ती भीती त्याच्या स्वभावातून आलेली नसते, तर त्याला आलेल्या अनुभवातून आलेली असते.

हे एकदा ध्यानात आलं, की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. कामगार चळवळीनं ज्येष्ठतेचा आग्रह का धरला, याचं एक कारण इथं आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगारकपातीविषयी जी कलमं घातली गेली, त्यांत एक तत्त्व होतं : कपात करायची वेळ आली, तर साधारणपणे शेवटी आलेला आधी जाईल. वरवर पाहता हा म्हाताऱ्यांना सांभाळायचा नियम वाटतो, आणि तो कर्तबगार तरुणावर अन्याय करतो, अशी तक्रारही होते. ती अगदी खोटी नाही. पण या नियमाचा दुसरा उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. नव्या माणसाला शिकवल्यानं आपली नोकरी जाणार नाही, याची हमी जुन्याला मिळते. मांजरीला वाघ अंगावर येणार नाही अशी खात्री असती, तर तिनं झाडावर चढायलाही शिकवलं असतं. आमच्या कारखान्यातही युनियन बळकट झाल्यावर पेट्यांची कुलपं हळूहळू सैल झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? जे काही आहे ते लिहून काढा, पुस्तकात घाला, म्हणजे कुणावर अवलंबून राहायला नको. अडचण अशी, की कामातलं सगळंच लिहून काढता येत नाही. मायकेल पोलान्यी नावाचे मूळचे हंगेरीचे एक शास्त्रज्ञ होते. पुढं ते तत्त्वज्ञानाकडे वळले. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून त्याला जास्त ठाऊक असतं, हा विचार त्यांनी १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात मांडला. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस म्हणून विचारा, त्याला सांगता येणार नाही. आपल्या घरातही हेच. आईच्या हातच्या पुरणपोळीची कृती वहीत असते, पण कणीक किती सैल हवी ते वहीत नसतं. ते शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. म्हणजे जाणाऱ्यानं येणाऱ्याला शेजारी उभं राहू दिलं, तरच ही विद्या पुढं जाते. मनात नसेल, तर तो सगळी वही लिहून देईल आणि तरीही काहीच देणार नाही.

खेळात हे सगळं उघड्यावर चालतं, म्हणून तिथं ते नीट पाहता येतं. क्रिकेटमध्ये फलंदाज सहा-सात, गोलंदाज चार-पाच. पण यष्टीरक्षक एकच. राखीव यष्टीरक्षक दौऱ्यावर बरोबर येतो, एकाच नेटमध्ये सराव करतो, आणि त्याला संधी मिळते ती पहिल्याची गेली की. सय्यद किरमाणी १९७१ आणि १९७४ अशा दोन इंग्लंड दौऱ्यांवर गेले, पण फारुख इंजिनियर असताना कसोटी काही त्यांच्या वाट्याला आली नाही. ती आली १९७६ च्या जानेवारीत, ऑकलंडला. मग ते तब्बल ८८ कसोट्या खेळले. किरण मोरे १९८२-८३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर किरमाणींचे राखीव म्हणून गेले. त्यांचं पदार्पण १९८६ साली लॉर्ड्सवर झालं. मोरेंच्या मागं उभे होते नयन मोंगिया, तेही त्यांच्याच बडोद्याचे. १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर दोघं बरोबर होते. मोंगियांना कसोटी मिळाली १९९४ मध्ये. आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये महेंद्रसिंग धोनी भारतीय संघात आला, तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते किरण मोरे. पाहा, जागा एकच, पण ती कुणा एकाची नाही. ग्लोव्हज कधी ना कधी उतरवायचेच आहेत, हे खेळाडूला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. नोकरदाराला ते माहीत असतं, पण पटलेलं नसतं.

याच विषयावरचं सर्वांत बोलकं उदाहरण मला अमेरिकेतलं वाटतं. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा असते. संघाची प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, आणि एका वेळी मैदानात तो एकच असतो. कॅन्सस सिटीच्या संघात ही जागा अॅलेक्स स्मिथकडे होती. २०१७ साली संघानं पॅट्रिक माहोम्स हा तरुण खेळाडू नव्या खेळाडूंच्या निवडीत दहाव्या क्रमांकावर घेतला. स्मिथ तेव्हा तेहेतीस वर्षांचा. हा मुलगा कशासाठी आणला आहे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. स्मिथनं त्याला जवळ बसवलं. सामन्याची तयारी कशी करायची, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती कशा पाहायच्या, आठवडा कसा आखायचा, सगळं दाखवलं. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी स्मिथ स्वतःच्या आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळला. माहोम्सला साखळीतला फक्त शेवटचा सामना मिळाला. हंगाम संपताच स्मिथची वॉशिंग्टनच्या संघाकडे रवानगी ठरली. माहोम्स पुढच्याच हंगामात त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्यानं संघाला पन्नास वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं. स्मिथचं ऋण त्यानं जाहीरपणे अनेकदा मान्य केलं आहे.

ही गोष्ट सांगितली, की लोक स्मिथच्या मोठेपणाला दाद देतात. द्यावीच. पण एक गोष्ट विसरू नये : स्मिथला जायला दुसरी जागा होती. वॉशिंग्टननं त्याला नवा, मोठ्या रकमेचा करार दिला. मुंबईच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेल्या आमच्या मास्तरांना असा करार कुणी दिला नव्हता. मोठेपणा दाखवायलाही पायाखाली थोडी जमीन लागते.

सूत्रं देणं म्हणजे नुसतं पद देणं नव्हे, हेही खेळातूनच दिसतं. चेन्नई सुपर किंग्जचं उदाहरण ताजं आहे. २०२२ साली हंगामाच्या दोन दिवस आधी धोनीनं कर्णधारपद रवींद्र जडेजाकडे दिलं. जडेजा केवढा कसलेला खेळाडू! पण आठांपैकी सहा सामने हरल्यावर त्यानं ते पद परत केलं. दुसऱ्या खेपेला, २०२४ च्या मार्चमध्ये, जबाबदारी आली आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे. तोवर तो त्या संघात काही वर्षं काढून चुकला होता, महाराष्ट्राचं नेतृत्व त्यानं केलं होतं, २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला त्याच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदकही मिळालं होतं. तरी निकाल काही एकदम सुधारले नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोपराच्या दुखापतीनं तो बाहेर गेला आणि त्रेचाळीस वर्षांच्या धोनीला पुन्हा कर्णधार व्हावं लागलं. वारस तयार करणं हे एका पत्रकार परिषदेत उरकणारं काम नव्हे. त्याला वर्षं लागतात, त्यात चुका होतात, आणि त्या होऊ द्याव्या लागतात.

कचेरीतलं चित्र याहून कोरडं आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात या प्रकाराला 'केटी' म्हणतात, म्हणजे ज्ञानाचं हस्तांतरण. पुण्यातल्या कितीतरी घरांत हा शब्द आता मराठीच झाला आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडात ऑरलँडो इथं डिस्नेच्या संगणक विभागातल्या सुमारे २५० जणांना नोकरी जाणार असल्याचं कळवण्यात आलं. त्यांतल्या अनेकांना जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवावं लागलं. येणारे होते तात्पुरत्या व्हिसावर आलेले, बहुतेक भारतातले. पुढच्या वर्षी हे वर्तमानपत्रांत आलं आणि तिकडे मोठा गदारोळ झाला.

आपण ही बातमी वाचतो तेव्हा आपला माणूस शिकणाऱ्याच्या खुर्चीत असतो, म्हणून आपल्याला तिची धग लागत नाही. माझा एक भाचा अशाच कामासाठी दुसऱ्या एका कंपनीतर्फे अमेरिकेला गेला होता. परत आल्यावर म्हणाला, "मामा, शिकवणारा गृहस्थ पन्नाशीचा होता. वागायला अगदी सभ्य. पण विचारलं तेवढंच सांगायचा. काय विचारायचं हे कळायलाच मला तीन आठवडे लागले." मी त्याला चहाची आणि मलमलीच्या फडक्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शेवटच्या दिवशी त्यानं माझ्याशी हात मिळवला. मला काय बोलावं तेच सुचलं नाही."

आता माझी स्वतःची गोष्ट. ती फारशी अभिमानाची नाही, पण सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं व्हायचं नाही.

सन २००० च्या सुमाराला आमच्याकडे सीएनसी यंत्रं आली होती आणि स्वेच्छानिवृत्तीच्या याद्यांची कुजबुज सुरू झाली होती. अशात मला साहेबांनी बोलावून एक डिप्लोमा झालेला मुलगा दिला. "याला टूलरूमचं सगळं शिकवा," म्हणाले. सगळं म्हणजे काय, ते मला कळलं. मुलगा चांगला होता. मला 'काका' म्हणायचा, सकाळी माझ्याआधी यायचा. मी त्याला शिकवलंही. फक्त एक गोष्ट सांगितली नाही.

आमचं ग्राइंडिंगचं यंत्र जुनं होतं. सुरू केल्यावर पाऊण तास ते तापत जायचं आणि तोवर त्याचं माप हळूहळू सरकत राहायचं. यंत्राचे भाग तापले की वाढतात. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा १० अंशांनी तापला, तर दहा मायक्रॉनहून थोडा जास्तच वाढतो; म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून अधिक. टूलरूममध्ये एवढ्यानं जॉब भंगारात जातो. म्हणून मी रोज आल्याबरोबर ते यंत्र नुसतंच चालू करून ठेवायचो, फिनिशिंगला हात लावायचो तो पाऊण तासानं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मुलाला वाटे, काका आधी ड्रॉइंग बघतात, चहा पितात. मी त्याला तसंच वाटू दिलं.

मी दोन दिवस रजेवर होतो, तेव्हा त्यानं सकाळी येताच काम सुरू केलं. बारा नग मापाबाहेर गेले. परत आलो तेव्हा साहेब त्याला सगळ्यांसमोर बोलत होते. त्यानं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. 'मला कुणी सांगितलं नाही' एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. म्हणाला नाही. बहुतेक त्याला कळलं होतं.

त्या रात्री मला मास्तर आठवले. त्यांना भ्यायला कारण होतं, तसं मलाही होतं. पण माझ्या भीतीचा दंड त्या मुलानं भरला होता, आणि याद्या करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन चूक माझी आहे हे सांगितलं. मग एक दोनशे पानी वही आणली आणि चार महिने त्या मुलाला शेजारी उभं करून, एकेका यंत्राची खोड दाखवत, ती वही त्याच्याच हातानं लिहून घेतली. २००१ च्या मार्चमध्ये माझं नाव यादीत आलं. पंचेचाळिशी उलटलेली, मुलीचं कॉलेज चालू. पुढची दोन वर्षं कशी काढली, ते आमच्या घरालाच ठाऊक. मी शिकवलं नसतं तर नाव आलं नसतं का? कदाचित वर्षभर उशिरा आलं असतं. पण हे मला निश्चित कधीच कळणार नाही.

म्हणून मी कुणाला 'निर्धास्त शिकवा, देव बघून घेईल' असं सांगत नाही. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा धरावी, असं आपल्याकडे जुनं वचन आहे. ते थोर आहे, पण ते गुरूच्या जेवणाची सोय झाली आहे हे गृहीत धरतं. माझं सांगणं आधी मालकांना आणि साहेबांना आहे. माणसाकडून त्याची विद्या हवी असेल, तर आधी त्याला पुढं काय ते स्पष्ट सांगा. शिकवण्याचं काम हे काम म्हणून धरा, त्याचा वेळ द्या, मोबदला द्या, शिकवणाऱ्याला नवं काही शिकायला द्या. आज काही ठिकाणी माणसाऐवजी संगणकाला शिकवायची वेळ आली आहे. तिथंही प्रश्न हाच आहे.

आणि शिकवणाऱ्यांना एवढंच, की आपली भांडणं साहेबांशी असतील तर ती साहेबांशी करावीत, युनियनमध्ये करावीत, गरज पडल्यास कोर्टात करावीत. शेजारी उभ्या असलेल्या मुलाशी करू नयेत. यादी त्यानं केलेली नसते.

निघताना मी त्या मुलाला १२७ दात्यांचं चाक दिलं. मास्तर गेल्यावर ते माझ्याच पेटीत होतं. तोवर त्याचा काही उपयोग उरला नव्हता. सीएनसीवर एक कोड टाकला, की यंत्र इंचावरून मिलिमीटरवर येतं. तो मुलगा आता स्वतः पन्नाशीकडे आला आहे, एका टूलरूमचा प्रमुख आहे. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो होतो. चाक त्याच्या टेबलावर होतं, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. एक नवीन मुलगी कामाला लागली होती. तिनं विचारलं, "सर, याला १२७ च दाते का?"

तो तिला सांगू लागला. पेटी नाही, कुलूप नाही. मी तेवढ्यात उठून आम्हा तिघांसाठी चहा सांगून आलो.